नवमीच्या सकाळचं रक्त

श्री.
जळगाव,
८ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस, मयुरीचा सा. न. वि. वि.

आधी एक दुरुस्ती. शनिवारच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझं थायरॉईड कमी निघालं. ते वाक्य खोडून टाक. पेन घे आणि खरंच खोड. माझी घाई झाली. या तपासणीत तीन आकडे असतात. टीएसएच तुझा २.१ आहे, म्हणजे अगदी ठीक. टी-फोर ठीक आहे. कमी आहे तो फक्त टी-थ्री, ०.५८, तो ०.८ च्या वर हवा. तीनपैकी हा एकच आकडा कमी असला तर त्याला थायरॉईड कमी म्हणत नाहीत. लॅबमध्ये बसून मी लोकांना हे रोज समजावते. पण दोन वर्षांत पहिल्यांदा तुझ्या रिपोर्टमध्ये काहीतरी सापडलं, या आनंदात स्वतःच्या बहिणीला मात्र अर्धंच लिहून मोकळी झाले.

आमच्या पॅथॉलॉजीच्या सरांना मी रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले की टी-फोर म्हणजे कोठीतलं धान्य आणि टी-थ्री म्हणजे दळलेलं पीठ, असं समज. तुझ्या बहिणीच्या कोठीत धान्य भरपूर आहे, दळण कमी पडतंय. लांबलेल्या आजारात शरीर आपणहून गिरणी हळू चालवतं. तुझ्यासारखा, चिकुनगुनियानंतर वर्षानुवर्षं न जाणारा थकव्याचा जो आजार असतो, त्यात काहींच्या रक्तात असं आढळलं आहे, काहींच्या नाही. आणि वरून गोळ्या दिल्या की थकवा जातो, असं खात्रीने कुणी दाखवलेलं नाही. मग करायचं काय, असं मी विचारलं. धुळ्यातल्या चांगल्या फिजिशियनला दाखवा, महिन्याभराने पुन्हा तपासा, तोवर एकही गोळी नको. शेवटचे चार शब्द त्यांनी दोनदा म्हटले, म्हणून खाली रेघ ओढली आहे.

बाकी तपासणीत काही गडबड नाही. नवमीला मीच तुझ्याकडे येऊन रक्त काढलं, बर्फाच्या डब्यात घालून मांडीवर धरून बसने आणलं. फॉर्मही मीच भरला: नाव, वय, शेवटचं जेवण रात्री आठ. तिथे सगळं बरोबर आहे. चूक झाली ती पत्रात, आणि ती आज दुरुस्त केली.

तू फोनवर दोन मिनिटं बोललीस की दोन दिवस उठत नाहीस, मोबाईलचा उजेड तुझ्या डोळ्यांत खुपतो, म्हणून हे मोठ्या अक्षरात. एका वेळी एकच परिच्छेद वाच. एरंडोलला भाऊ आणि माय ठीक आहेत. कापूस वेचणीला आला आहे. भाऊ पगारासोबत पाठवलेलं माझं पत्र अजूनही दुसऱ्यांकडून वाचून घेत नाहीत. मी घरी गेले की पोरीच्याच तोंडून ऐकायचं म्हणून माझ्याचकडून वाचून घेतात. पत्र नेहमीप्रमाणे हिलालभाऊ कंडक्टरांच्या हाती देते आहे. ते दाजींच्या दुकानात पोचवतील.

लोभ आहेच तुझा; तो अंथरुणाला टेकू देऊ नकोस.

तुझी,
मयुरी


॥ श्री ॥
धुळे,
२६ ऑक्टोबर २०२५

चि. मयुरीस, अ. उ. आ.

हे पत्र तीन दिवसांचं आहे. शुक्रवारी चार ओळी, काल सहा, बाकीचं आज. जिथे शाई बदलली तिथे मी झोपले होते असं समज. तुझ्या हाताखाली शिकलेली आहे, तेव्हा शुद्धलेखनाचे मार्क कापू नकोस. चौथीतून काढलेल्या मोठ्या बहिणीला चुलीपुढे पाटी घेऊन शिकवणारी धाकटी मास्तरीण साऱ्या खान्देशात तू एकटीच असशील. छडीसुद्धा मारायचीस.

तुझं शनिवारचं पत्र तुझ्या दाजींनी मोठ्याने वाचलं. अक्का ऐकत होत्या. थायरॉईड म्हटल्याबरोबर त्या उठल्या, माझ्या पायथ्याशी येऊन बसल्या आणि माझे पाय दाबायला लागल्या. मी ओढून घेतले तर रागावल्या. म्हणाल्या, त्यांनाही पंधरा वर्षांपूर्वी हेच झालं होतं; ओल्या पोत्यासारख्या पडून असायच्या आणि त्यांच्या सासूला वाटायचं ढोंग आहे. गोळीने उठवलं. मग म्हणाल्या की आपण सासू असून पोरीचं ओळखलं नाही, आणि पदराने डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. समोरच्या प्रेमकुंवरबाई मला राणीसाहेब म्हणायच्या ना, त्या खिचडी घेऊन आल्या. तुझ्या दाजींनी तर मोटारीचं वाइंडिंग अर्धं टाकून मला विचारलं की काही हवं का. दोन वर्षांत असं विचारलं नव्हतं. वाईट नाहीत गं ते; विचारून काय करायचं तेच त्यांना कळत नव्हतं.

दुसरं पत्र, दुरुस्तीचं, मी एकटीने वाचलं. पेन घेतलं होतं. खोडलं नाही.

रागावू नकोस, मयू. दोन वर्षं प्रत्येक डॉक्टरने कागद बघून सांगितलं की काही नाही, मनाचं आहे. एक पातेलं घासलं की दुसरा दिवस आडवा, ही गोष्ट मनाची कशी असेल ते मला समजायचं नाही, पण मी गप्प बसायची. आता माझ्या आजाराला नाव आहे. नाव असलं की लोक खोलीत येताना पाय न वाजवता येतात. तुझे तीन आकडे घेऊन मी कुणाकुणाला समजावू?

आणि आता लपवत नाही. धनत्रयोदशीपासून अक्का रोज सकाळी त्यांच्या बाटलीतली एक गोळी मला देतात, शंभरची. तळहातावर ठेवतात, पाण्याचा तांब्या धरून उभ्या राहतात, गिळेपर्यंत हलत नाहीत. त्यांना पंधरा वर्षं काही झालं नाही, मला एका गोळीने काय होणार आहे? फिजिशियनकडे देवदिवाळीनंतर जाऊ म्हणतात.

भाऊबीजेला आली नाहीस, म्हणून लोभ अर्धाच पाठवते. उरलेला घ्यायला ये.

तुझी ताई,
सारिका


श्री.
जळगाव,
२ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र लहान आहे, कारण सांगायचं एकच आहे. ती गोळी बंद कर. अक्कांना त्यांच्या डॉक्टरांनी दिली, कारण त्यांच्या कोठीत धान्यच नव्हतं. तुझी कोठी भरलेली आहे. भरलेल्या कोठीत रोज वरून ओतत राहिलं तर काय होईल ते मला माहीत आहे, मी असे रिपोर्ट पाहिले आहेत. सुरुवातीला बरं वाटतं. त्याचीच मला भीती वाटते.

दाजींना फोन केला होता. दुकानात मशीन चालू होतं. ते दर वाक्याला बरं बरं म्हणत होते आणि शेवटी म्हणाले की सारिकाशी बोलून घेतो. ते तुझ्याशी काय बोलले ते कळव. सकाळी उठण्याआधी, पडल्या पडल्या, मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोज. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नकोस. आकडा खरा लिही.

तुझ्या मायेत मला ठेव, आणि मला खोटं पाडू नकोस.

तुझी,
मयुरी


॥ श्री ॥
धुळे,
१४ डिसेंबर २०२५

चि. मयुरीस, अ. उ. आ.

एका बैठकीत लिहिते आहे! शाई बघ, एकच आहे. सकाळपासून मी काय काय केलं ऐक. पहाटे चारला जाग आली, पुन्हा झोप लागेना, तर उठून घर झाडलं, पाणी भरलं, चादरी भिजवल्या. चादरी, मयू! गेल्या वर्षी उशीचा अभ्रा काढताना मी मध्ये बसून रडले होते. दुपारी शेतावरून वांगी आली, मी स्वतः भाजली, काटक्यांवर, आणि वीस माणसांचं भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. प्रेमकुंवरबाई म्हणाल्या की राणीसाहेब गादीवरून उतरल्या. सगळे हसले. मीसुद्धा.

गोळ्या दोन झाल्या आहेत. एकीने उठले तर दोहोंनी धावेन, असा अक्कांचा हिशेब. मेडिकलवाला त्यांच्या जुन्या चिठ्ठीवर दुसरी बाटली देतो. तुझे दाजी तुझ्या फोनबद्दल विचारत होते. मी म्हटलं की तू काळजीखोर आहेस, चांगल्या कंपनीची गोळी घ्या एवढंच तुझं म्हणणं. हे खोटं झालं. तुला सांगून टाकलं म्हणजे अर्धं खोटं.

नाडी तू म्हणालीस तशी मोजली, पूर्ण मिनिट. १०४. छातीत धडधड होते, पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरावा तशी. थंडीत सगळ्यांनी स्वेटर घातले, मला घाम येतो. बांगड्या कोपरापर्यंत जातात. लग्नातलं ब्लाऊज पुन्हा बसलं म्हणून अक्कांना कौतुक. बोटं थरथरतात म्हणून सुईत दोरा जात नाही. पण हे सगळं उभ्याने होतंय गं. पडून नाही.

आता मोठी बातमी. नवरात्रात घट बसले त्या दिवशी अक्कांनी नवस बोलला होता, की सून उठली तर चैत्रात दोघी अनवाणी, पायी, सप्तशृंगीच्या गडावर. म्हणून तर मीही यंदा त्यांच्यासारखं नवरात्र जोडीच्या लवंगांवर काढलं. तुला बोलले नव्हते का? सकाळी दोन लवंगा, संध्याकाळी दोन, बाकी पाणी. आपल्या घरचं भगर-साबुदाण्याचं लाडाचं नवरात्र इथे उपवासात धरत नाहीत. तू नवमीला रक्त काढायला आलीस तेव्हा माझा जबडा लवंगांनी बधिर झाला होता, म्हणून फार बोलले नाही. तुला वाटलं असेल ताई रुसली. तर देवीने ऐकलं. चैत्रात निघायचं. पाच दिवसांची वाट. गेल्या चैत्रात मी मोरीपर्यंत भिंत धरून जायची.

माझा आनंद तुला अर्धा, आणि तुझी काळजी मला नको.

तुझी ताई,
सारिका


श्री.
जळगाव,
२१ डिसेंबर २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र सात वेळा वाचलं. लवंगांची ओळ किती वेळा वाचली ते मोजलं नाही.

ताई, मी तुझ्या घरी पूर्ण एक तास होते. देवघरात घट पाहिला, त्यावरचं पिवळं उगवलेलं धान पाहिलं, नमस्कार केला. तुझा उपवास आहे हे मला कळत होतं. पण उपवास म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे मायची भगर आणि दाण्याची आमटी येते. दुसऱ्या घरात दुसरी रीत असेल हे डोक्यात आलंच नाही. फॉर्मवर शेवटच्या जेवणाचा रकाना असतो. दिवसाला साठ फॉर्म भरते आणि साठांवर रात्री आठ लिहिते. तुझ्यावरही लिहिलं. तू समोर बसली होतीस आणि मी विचारलं नाही. यंदा एक तिथी जास्त होती. म्हणजे नवमीच्या सकाळी तुझे पुरे नऊ दिवस लवंगांवर गेलेले होते.

नऊ दिवस दाणा पोटात गेला नाही तर धडधाकट माणसाचाही टी-थ्री खाली येतो. शरीर गिरणी मंद करतं, इतकंच. जेवू लागलं की थोड्या दिवसांत आकडा वर येतो. तुझा तो ०.५८ लवंगांचा होता की आजाराचा, हे आता कुणीच सांगू शकत नाही. एवढ्यावर कुणी एक गोळीसुद्धा द्यायला नको होती, आणि तू दोन घेते आहेस.

सरांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं की ती काही औषध घेते का. मी दोन गोळ्या, शंभरच्या, असं म्हटल्यावर ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. म्हणाले, हृदयाचे ठोके आधी वाढतात, मग चुकायला लागतात. चुकायला लागले की कधी काय होईल याचा नेम नाही. लगेच थांबवा, डॉक्टरांना दाखवा, ईसीजी काढा.

तुला आठवतं, मी पाचवीत असताना भाऊंनी फवारणीच्या डब्यावरचं माप माझ्याकडून वाचून घेतलं होतं? मी एक शून्य जास्त वाचलं. कपाशीच्या सहा ओळी करपल्या. भाऊ म्हणाले, डब्यावरच तसं छापलं असेल. पोरगी शिकलेली, ती कशी चुकेल. मला कुणी मारलं असतं तर बरं झालं असतं. घरात वाचणारी मी एकटी होते; माझी चूक धरायला कुणी नव्हतं. तेव्हापासून मी सगळं दोनदा वाचते. आणि तरी तुझा फॉर्म एकदाच लिहिला.

तू आजारी आहेस हे खोटं नाही. ते मी कधीही म्हणणार नाही. पण तो आकडा त्या आजाराचा पुरावा नाही, आणि ती गोळी त्यावरचं औषध नाही. सोबत अक्कांच्या नावाने वेगळं पत्र आहे. त्यात सगळी चूक माझी आहे असं साफ लिहिलं आहे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून तूच मोठ्याने वाचून दाखव. सगळं. मधलं काही गाळू नकोस.

तुझा लोभ गमावला तरी चालेल, तू नको.

तुझी,
मयुरी


धुळे, ४ जानेवारी २०२६

चि. मयुरीस, अ. उ. आ.

गोळ्या बंद केल्या. अक्कांना तुझं पत्र वाचून दाखवलं, त्यांना पटलं. पुन्हा रक्त द्यायचं ते उन्हाळ्यात बघू. संक्रांतीला येऊ नकोस, आम्ही घरी नाही. आता तू झोप काढ, आणि लोभाचं एक गाठोडं इथे आहे, ते न्यायला मागून ये.

सारिका


॥ सप्तशृंगी प्रसन्न ॥
धुळे,
२० मार्च २०२६

चि. मयुरीस, कमलबाईचे अ. उ. आ.

मी भूषण लिहितो आहे, अक्का सांगतात तसं. माझं अक्षर वाइंडिंगच्या तारेसारखं आहे, सांभाळून घेणे.

अक्का म्हणतात, तुनी बहीण आते बठ्ठं काम करस, घरातलं सगळं. हे सुख तुझ्या शिक्षणामुळे आलं. माझ्या घरात पंधरा वर्षं बाटली होती आणि मला सुचलं नाही. तू एका सुईत ओळखलंस. तू बी मनी पोरच शेस, माझीच लेक. तू माझ्या नावाने जे पत्र पाठवलंस ते सारिकाने पौषात मला दुपारी बसून वाचून दाखवलं. माझ्या नावाने आलेलं ते पहिलंच पत्र. त्यात तू लिहिलंस की दोन गोळ्या बरोबर आहेत, उन्हाळा संपेपर्यंत थांबवू नका आणि बाटली उन्हात ठेवू नका. तसंच करते आहे. बाटली देवघराच्या फडताळात ठेवली आहे, थंड जागी. एक दिवस चुकला नाही. मी माझी विसरेन, तिची नाही.

आम्ही शनिवारी, २८ तारखेला पहाटे निघतो. गल्लीतल्या अकरा बायका आहेत. पौर्णिमेला गडावर. ऊन आत्ताच चाळीसला टेकलं आहे, पण देवी सावली धरेल. भूषण टेम्पो घेऊन मागे येईन म्हणतो. नवस पायी बोललेला आहे, टेम्पोत फक्त पाणी.

एक विचारायचं आहे. काल पाडव्याला गुढी उभारताना सारिका जिन्यातच बसली. अंग घामाने भिजलेलं, हात छातीवर, ओठ पांढरे. थोड्या वेळाने उठली आणि हसली, म्हणाली ऊन लागलं. पण मला अशक्तपणा दिसतो. म्हणून आजपासून अडीच देते आहे. वाटेसाठी तीन कराव्या का, हे तू कळव. तू सांगशील तेच करीन. डॉक्टरपेक्षा माझा तुझ्यावर भरवसा.

मी स्वतः विचारतो आहे, मयुरी: तिच्या गळ्याशी एक शीर सारखी उडताना दिसते. हे गोळीनेच चांगलं होतंय ना?

आमच्यावर माया ठेव आणि गडाचा प्रसाद घ्यायला ये.

कमलबाई
(हस्ते भूषण)


(त्याच पाकिटात, वहीच्या फाडलेल्या पानावर)

मयू,

पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आहे. अक्कांचं पत्र काढून घेता आलं असतं. घेतलं नाही. ते का, ते मलाही नीट माहीत नाही.

आता तुला सगळं कळलं. जानेवारीतलं खोटं होतं. अक्कांना मी तुझं पत्र हातात धरून दुसरंच वाचलं. तू शिकवलेल्या वाचनाचा असा उपयोग केला. अक्का मध्ये मध्ये मान हलवत होत्या.

नाडी पडल्यावर १२६. मधला एक ठोका येतच नाही, मग दोन एकदम येतात. हे फक्त तुला सांगते.

गोळी बंद झाली की मी परत त्या अंथरुणात जाणार. तिथे जायची मला भीती नाही, सवय आहे. पण तेव्हा माझ्याजवळ नाव नसेल. नवस फुकट गेला म्हणतील, ढोंग होतं म्हणतील. अक्का म्हणणार नाहीत, आणि त्यांचं न म्हणणं मला सोसणार नाही. एकदा गडावर जाऊन येऊ दे. आल्यावर मी स्वतः बंद करते, शपथ. तोवर कुणाला बोलू नकोस.

अक्षर हललंय ना? पुसू नकोस, तुझ्या मास्तरणीच्या लाल पेनाने दुरुस्तही करू नकोस.

ताई


श्री.
जळगाव,
रविवार, २२ मार्च २०२६

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पाकीट आज दुपारच्या बसने आलं. दुरुस्ती करते आहे, पण तुझ्या अक्षराची नाही. मी अडीच महिने तुझा चार जानेवारीचा कागद खरा मानला. दुसऱ्या कुणाचा असता तर दोनदा तपासला असता. तुझा होता म्हणून एकदाच वाचला. नवमीला केली तीच चूक मी पुन्हा केली.

तू म्हणतेस गडावर जाऊन येऊ दे. सरांना तुझी नाडी सांगितली, चुकणारा ठोका सांगितला, पाच दिवसांची उन्हातली वाट सांगितली. त्यांनी विचारलं की ती आज कुठे आहे. घरी आहे म्हटल्यावर म्हणाले की मग ते नशीबच समजा, पौर्णिमेची वाट बघू नका. एवढंच.

आज लॅबमध्ये तातडीच्या तपासण्यांवर मी एकटी आहे, बदली उद्या पहाटे येते. दाजींना फोन लागला. ते शिरपूरला मोटार बसवायला गेले आहेत, सकाळी परततील. त्यांना इतकंच सांगितलं की तुला आज जिन्याची एक पायरीही चढू देऊ नका असं शेजाऱ्यांमार्फत घरी कळवा, छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर कुणाचीही वाट न बघता दवाखान्यात न्या, आणि उद्या दुकान उघडू नका. त्यांनी कारण विचारलं नाही. मग म्हणाले की शीर उडताना दिसते तेव्हापासून त्यांना झोप नाही. घरातला दुसरा फोन तुझ्या उशाशी असतो. चार वेळा लावला. तू उचलत नाहीस.

नावाचं म्हणालीस. सरांनी त्यांच्या कागदावर लिहून दिलं आहे, सही-शिक्क्यानिशी: तापानंतर जडलेला दीर्घ थकव्याचा आजार, अडीच वर्षांपासून, श्रमाने वाढणारा, मनाचा नव्हे. याला रक्तातला आकडा नाही म्हणून तो नाही असं होत नाही, हेही लिहून घेतलं. मी हा कागद अक्कांना वाचून दाखवीन, दाजींना, आणि प्रेमकुंवरबाईंना त्यांच्या ओट्यावर उभी राहून. तू परत अंथरुणात गेलीस तर या नावासह जाशील. बरी होशील असं मी लिहीत नाही, कारण मला ते माहीत नाही.

अक्कांना मी त्यांच्या पायाशी बसून सांगणार आहे की रकान्यात रात्री आठ लिहिणारी मी होते. त्यांनी तर प्रेमाने तळहातावर ठेवली. सांगितल्यावर त्या बाटलीकडे कशा बघतील याचा विचार मी दुपारपासून करते आहे. त्यांच्या स्वतःच्या गोळीला मात्र त्यांनी घाबरू नये, ती त्यांची आहे, हेही सांगायचं लक्षात ठेवलं आहे. पौषातल्या दुपारी तू काय वाचलंस ते माझ्या तोंडून निघणार नाही. माझं खरं पत्र होतं ना तुझ्याकडे? ते पुन्हा वाचून दाखवायला आजची रात्र आहे. तू सांगितलंस तर मी नुसती शेजारी बसेन.

हे पत्र पाचच्या बसने हिलालभाऊंकडे देते. दुकान बंद असेल म्हणून त्यांना घरी येऊन तुझ्याच हातात द्यायला सांगितलं आहे. फिजिशियनची वेळ दहाची मिळाली आहे, ईसीजी तिथेच निघेल. मी सव्वासहाच्या बसमध्ये बसते, पावणेनऊला तुझ्या दारात असेन. अक्का सहाला तांब्या घेऊन उभ्या राहतील. त्या वेळी मी जळगावच्या स्टँडवरच असेन, तुझा हात धरता येणार नाही. तेवढं एक तू माझ्यासाठी कर. गोळी हातात घे आणि मूठ मिटून ठेव.

लोभ असेल नसेल ते उद्या समोरासमोर बघू. मूठ मी येऊन उघडीन. उद्या, सोमवार, २३ मार्च.

तुझी,
मयुरी